सात देशांत मेलेला मिस्त्री

कारभारी शेळके सात देशांत मेले. इंग्लंडात दोनदा, पोलंडमध्ये तीनदा, बेल्जियममध्ये घोड्याखाली, आणि चेक देशात तर इतके सुरेख मेले की खऱ्या रुग्णवाहिकेतला खरा डॉक्टर धावत आला. प्रत्येक वेळी मेल्यावर ते उठले, कपडे झटकले, सोबत नेलेल्या ठेच्याबरोबर तिथला पाव खाल्ला आणि मजल दरमजल करत चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शेडवर हजर. मरणासाठी म्हणून त्यांनी एका दिवसाचीही जादा रजा कधी घेतली नाही.

हे जरा उलगडून सांगायला हवं. जगात असे काही देश आहेत जिथं नळाला रोज पाणी येतं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी टाक्या, पिंपं, बादल्या मांडून बसायचं काम नसल्यामुळं तिथल्या लोकांचा शनिवार-रविवार अगदी रिकामा जातो. मग ते काय करतात, तर दोनशे, पाचशे, हजार वर्षांपूर्वीचे कपडे शिवतात, माळावर तंबू ठोकतात आणि आपल्या पूर्वजांनी एकदा लढून संपवलेली लढाई पुन्हा लढतात. निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. जे तेव्हा हरले ते दरवर्षी इमानदारीनं हरतात. आणि हे बघायला लोक तिकीट काढून, पोरंबाळं घेऊन येतात.

या रिकामटेकड्या लढायांना लागणारे टोप, ढाली, बोथट तलवारी आणि कड्यांची चिलखतं बनवणारी एक शेड आमच्या चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होती. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहायला मी तिथं नऊ वर्षं होते. आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हा चार देशांतून विचारणा झाली की तुम्ही कारखाना दुसऱ्या गावी हलवला का. मी सगळ्यांना कळवलं, कारखाना तिथंच आहे, गावही तिथंच आहे, रस्त्यातले खड्डेसुद्धा हललेले नाहीत.

शेळक्यांना सगळे मिस्त्री म्हणत. बत्तीस वर्षं एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये काढून ते निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडं आले. बुटके, काळेसावळे, कानात केसांचा झुपका, खिशाला कायम एक छोटी हातोडी अडकवलेली. ती हातोडी ते लग्नालाही घेऊन जात. समोरच्याच्या डोक्याकडं एकदा बघून ते टोपाचं माप सांगत. शेडवर कुणी मोठा अधिकारी आला की बाकीचे त्याच्या हुद्द्यावर बोलत. मिस्त्री हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणत, "साडेतेवीस इंच. पण आत पोकळ वाटतंय."

परदेशी जायचं ते मालकांनी. पण मालकांना थंडी सोसत नसे, आणि तिकडच्या मेळ्यात दुकान मांडलं की माल विकण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त निघे. कुणाचा पट्टा तुटतो, कुणाच्या टोपाला पोचा पडतो. त्यासाठी हाताचा माणूस हवा होता. म्हणून मिस्त्री पहिल्यांदा इंग्लंडला गेले ते हातोडी आणि ऐरण घेऊन. विमानतळावर त्यांच्या सामानाची जी तपासणी झाली तिचं वर्णन ते पुढं कितीतरी दिवस मोठ्या अभिमानानं करत.

तिथं दुसऱ्या दिवशी हरणाऱ्या सैन्यात माणसं कमी पडली. एक गिऱ्हाईक मिस्त्रींकडं आलं आणि खुणांनी विचारलं, जरा पडता का? मिस्त्रींना वाटलं, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. त्यांनी चिलखत चढवलं, एका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याची तलवार खाल्ली आणि गवतात पडले. तासभर पडून राहिले. मुंग्या चावल्या तरी हलले नाहीत. मग नगारा वाजला. तिकडची रीत अशी की नगारा वाजला की मेलेले उठतात, आणि ज्यानं मारलं त्यानंच हात देऊन उठवायचं. म्हाताऱ्यानं हात दिला, काहीतरी बोलला. मिस्त्रींनी ते शब्द परतीच्या सबंध प्रवासात घोकत आणले आणि शेडवर आल्या आल्या माझ्यापुढं ठेवले.

"म्याडम, 'वेल डाइड, सर' म्हंजी काय ओ?"

"छान मेलात, साहेब," मी म्हटलं.

ते माझ्या टेबलापुढच्या स्टुलावर बसले. "बत्तीस वर्षं कंपनीत घासली," ते म्हणाले. "येक दिवस कुणी म्हणलं नाय, शेळके, छान केलंस. अन् तिथं नुसता पडलो, म्याडम. नुसता पडलो तं सायेब म्हणला."

मी सवयीनं काहीतरी टोमणा मारणार होते. मारला नाही.

तेव्हापासून त्यांना मरणाची गोडी लागली. दुकान दुपारपर्यंत, त्यानंतर मरण. मरणाचे त्यांचे नियम होते. तलवार लागल्यावर लगेच पडायचं नाही, आधी मारणाऱ्याकडं नीट बघायचं, म्हणजे त्याच्या मेहनतीचं चीज होतं. पडताना ढाल आपल्या अंगावर घ्यायची, दुसऱ्याच्या पायावर टाकायची नाही. आणि एकदा पडलं की डोळे मिटायचे, लढाई कोण जिंकतंय ते चोरून बघायचं नाही. "मेलेल्याला काय करायचंय निकालाशी?" असं ते म्हणत. शेडवरच्या जेवणाच्या सुट्टीत ते हे सगळं करून दाखवत, आणि मग बाकीचे डबे उचलून त्यांच्यावरून ओलांडून हात धुवायला जात.

मेल्यावर पडून राहायचा नियम त्यांनी स्वतः एकदाच मोडला. पोलंडमध्ये ते रीतसर मरून पडले होते. त्यांच्या शेजारी शत्रूचा एक धिप्पाड गडी लढत होता आणि त्याच्या टोपाचे पत्रे जोडणारी एक रिबीट निखळून लटकत होती. टोप आमच्या शेडचा. मिस्त्रींनी डोळे मिटले होते, पण कानाला ती खुळखुळ सहन होईना. शेवटी मेलेले मिस्त्री भर रणात उठले, त्या गड्याला खांदा धरून खाली बसवलं, खिशातली हातोडी काढली, चार ठोके देऊन रिबीट बसवली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन मेले. आयोजक संतापले. त्यांनी आम्हाला जे पत्र पाठवलं त्यात शिस्तीबद्दल तीन परिच्छेद होते आणि खाली दीडशे टोपांची मागणी होती.

व्हिसाच्या खिडकीवर मात्र या कलेची कदर नव्हती. एका वर्षी मुलाखतीला मी त्यांना अगदी पढवून पाठवलं होतं की विचारलं तर फक्त 'धंदा' म्हणायचं. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, तिथं जाऊन तुम्ही काय करणार? मिस्त्रींनी आयुष्यात खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता. ते म्हणाले, "मरणार." बाईंनी पुन्हा विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं की काळजी नको, दुपारी मरणार आणि संध्याकाळी उठणार. त्या वर्षी त्यांना कुठंही मरता आलं नाही. महिनाभर ते शेडवर तोंड पाडून हिंडत होते आणि सगळे त्यांच्या समाचाराला आल्यासारखे बोलत होते.

घरी त्यांचा हा लौकिक पोचला नव्हता. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनाजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर. सिंधूकाकूंच्या मते नवरा दरवर्षी विमानानं जाऊन चिखलात लोळून येतो आणि धुणं घरी आणतो. मी एकदा गेले तर मिस्त्री घरापुढच्या ओट्यावर नव्या पद्धतीनं पडायचा सराव करत होते आणि काकू त्यांच्या भोवतीनं झाडू मारत होत्या.

"बगा म्याडम," काकू म्हणाल्या, "हितं पाण्याची मोटार चालू करायला उठवत नाय, अन् तिकडं मरायला येळेवर पोचतंय."

मिस्त्रींनी मोबाइलवर फोटो दाखवायचा प्रयत्न केला. काकूंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ह्यात तुमी कोन्ते? सगळेच पडलेत." मिस्त्रींनी बोटानं दाखवलं. काकूंना कुकरची शिट्टी ऐकू आली.

त्यांच्या मनाला हे लागलं होतं. त्या दिवशी मला रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "येकदा आपल्या गावात करायचं, म्याडम. आपल्या मातीत. हिच्यासमोर. फोटूत नाय कळत ते. सात देशांनी बगितलं, हिनं नाय बगितलं." बाकी त्यांना काही नको होतं. पुढची दोन वर्षं ते या एकाच गोष्टीच्या मागं लागले.

आपल्याकडं लढाई करायची म्हणजे आधी इतिहास आला, आणि इतिहास आला की आपल्याकडं प्रत्येकाचा हक्काचा वाटा आला. मिस्त्रींनी पहिली लढाई सुचवली तेव्हा शेडवरच दोन गट पडले. दुसरी सुचवली तेव्हा तिसरा पडला. हरलेल्यांचे वंशज अजून आहेत आणि जिंकलेल्यांचे त्याहून जास्त आहेत. शेवटी मिस्त्रींनी डोकं चालवलं: झालेली लढाई करायची सोय नाही, तर न झालेली करू. दोन खोटे किल्ले, दोन खोटे राजे. मग रंगांचा प्रश्न आला. भगवा चालेना, निळा चालेना, हिरवा चालेना, लाल, पिवळा, पांढरा, कशालाच हात लावायची सोय राहिली नाही. प्रत्येक रंगावर कुणीतरी आधीच बसलेलं. आठ दिवस कापडाच्या दुकानात घालवून शेवटी बदामी आणि राखाडी हे दोन रंग निघाले, ज्यांच्याबद्दल अजून तरी कुणाच्या भावना दुखत नव्हत्या.

जागा पडेगावजवळ काकूंच्या भावाच्या रानात मिळाली. हरभरा नुकताच काढलेला, समोर लांबवर देवगिरीचा किल्ला. माणसं साठ जमली. अडचण एकच होती, की साठच्या साठ बदामी सैन्यात भरती झाली, कारण बदामी जिंकणार हे कुणीतरी फोडलं होतं. मिस्त्रींनी मग चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना राखाडी आलं त्यांच्या तोंडावर घरात काही वाईट झाल्याची कळा आली. त्यांचे सेनापती म्हणून मिस्त्रींचे साडू रावसाहेब यांना नेमलं. गावात मान, गळ्यात साखळी, आवाज दणकट. रावसाहेबांनी अट घातली की हरायला हरकत नाही, पण हरल्यासारखं दिसता कामा नये.

लढाईच्या दिवशी रानाच्या तोंडाशी दोन फ्लेक्स लागले होते. एकावर बदामी सेनापतीचा फोटो आणि खाली 'विजयी वीरांचे हार्दिक अभिनंदन'. दुसऱ्यावर रावसाहेबांचा फोटो आणि खाली तेच. मिस्त्री दोन्ही फ्लेक्सकडं बराच वेळ बघत राहिले.

काकू पहाटेपासून तिथं होत्या. दीडशे माणसांच्या वरण-बट्टीचा स्वयंपाक त्यांनी बचत गटाच्या वीस-बावीस बायकांना घेऊन अंगावर घेतला होता. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी मैदानाच्या अगदी पुढं एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती, वर उशीसुद्धा. पुन्हा पुन्हा जाऊन ते ती खुर्ची पुसत होते. काकू मैदानाकडं पाठ करून बट्ट्या उलटत होत्या.

मिस्त्रींनी सगळ्यांना नियम सांगितले. पंचवीस राखाडी पडणार. पडल्यावर हलायचं नाही. नगारा वाजला की बदाम्यांनी हात देऊन उठवायचं. सगळ्यांनी व्हय व्हय केलं. मिस्त्री स्वतः त्या दिवशी पडणार नव्हते, इशारे करायला माणूस हवा होता. मला वाटतं त्यांना स्वतः न पडता पडलेलं रान बघायचं होतं.

लढाई लागली. सुरुवात झकास झाली, धूळ उडाली, तलवारी खणखणल्या, बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मिस्त्रींनी पहिला इशारा केला. कुणी पडलं नाही. दुसरा केला. एकजण गुडघ्यावर बसला, पण तो फोटो काढून घ्यायला. एका राखाड्याला तलवार लागली तर तो म्हणाला, "आधी मी मारलंय तुला, तू पड." बदाम्यानं पडायचा प्रश्नच नव्हता, त्याची सासुरवाडी बघायला आली होती. रावसाहेब दोन्ही हातांत तलवारी घेऊन मैदानाच्या मधोमध उभे होते आणि त्यांना मारायला कुणी धजत नव्हतं, कारण रस्त्याचं काम त्यांच्या हातात होतं.

मिस्त्री पळत पळत प्रत्येकाकडं जात होते. "पड ना रे. कुणीतरी पडा. येक तरी पडा."

आमच्या शेडचे वेल्डर दिलावरभाई तेवढे पुढं आले. "मिस्त्री, मैं मरतूं. पन बैठको मरतूं. ये घुटना लेटने नईं देता." आणि ते बिचारे एका दगडावर बसून मेले. त्यांच्याखेरीज रणात जीवितहानी झाली नाही.

अर्धा तास झाला. उन्हानं डोकं तापलं. बघणारे पांगू लागले, कुणी हसत होतं. मिस्त्री मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी खिशाच्या हातोडीवर हात ठेवला, नुसता ठेवला. त्यांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर सगळ्यांची चेष्टा केलेल्या बाईनं हे कबूल करायला हवं, की त्या क्षणी मला रडू आलं होतं.

तेवढ्यात काकू मांडवातून आल्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम.

"किती येळ चालायचं हे? बट्ट्या गार व्हायल्यात."

"कुणी पडंना गं," मिस्त्री म्हणाले.

"कामून?"

"इज्जत जाती म्हणं."

काकूंनी मैदानाकडं पाहिलं. साठ बाप्ये उभे. "किती पडायला पायजेत?"

"पंचवीस."

काकू मागं वळल्या आणि मांडवाकडं तोंड करून ओरडल्या, "चला गं बायांनो! पडायचंय!" मग पदर कमरेला खोचला, दोन सैन्यांच्या मधून चालत गेल्या, हरभऱ्याच्या धसकटातून त्यातल्या त्यात बरी जागा पाहिली आणि आडव्या झाल्या. मागोमाग सगळ्या बायका आल्या. कुणी हसत, कुणी "अगं बाई, कंबर" म्हणत, एकामागून एक पडल्या. दगडावरचे दिलावरभाई धरूनही एक कमी पडत होती, म्हणून मीही पडले, काकूंच्या शेजारी. धसकटं पाठीला टोचत होती. मी मिस्त्रींचा नियम पाळला नाही, डोळे उघडे ठेवले.

उभे राहिलेल्यांची जी पंचाईत झाली ती बघण्यासारखी होती. तलवारी कुठं ठेवाव्या ते त्यांना कळेना. मेलेल्यांच्या पायांत पाय अडकू नयेत म्हणून ते एकमेकांना धरून कडेला सरकू लागले. रावसाहेबांनी तलवारी खाली टाकल्या आणि लगेच लाउडस्पीकरवर राखाडी सैन्याचा विजय जाहीर केला. बदाम्यांनीही केला. मग नगारा वाजला आणि टाळ्या पडल्या, खऱ्या, मनापासूनच्या.

हात द्यायला कुणीच पुढं आलं नाही, बायकांना हात कसा द्यायचा म्हणून. तेव्हा मिस्त्री स्वतः आले. एकेकीजवळ वाकून हात देत, उठवत, म्हणत गेले, "छान मेलात, ताई. लई छान." बायका पदर तोंडाला लावून हसत उठत होत्या. मलाही त्यांनी तसंच उठवलं. माझ्या मेलेल्या चेहऱ्याबद्दल ते काहीतरी बोलले, पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं.

काकू उठल्या नव्हत्या. एक हात छातीवर, दुसरा मातीत, तोंड जरासं उघडं, आणि बारीक घोरणं ऐकू येत होतं. पहाटे तीनपासून उभ्या असलेल्या बाईला पहिल्यांदाच पाठ टेकायला मिळाली होती, आणि टेकताक्षणी त्यांना झोप लागली होती. रणधुमाळी, विजय, टाळ्या, यातलं काहीसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मिस्त्रींनी पुढं केलेला हात मागं घेतला. तोंडावर ऊन येत होतं. त्यांनी जवळ पडलेली एक ढाल उचलली आणि काकूंच्या तोंडावर सावली पडेल अशी धरून उभे राहिले.

तिकडं पंगत बसली. रावसाहेब माईकवर सेनापतींची नावं घेत होते. दिलावरभाई येऊन दोनदा जेवायला बोलावून गेले. मिस्त्रींनी त्यांना हातानंच गप्प केलं.

"म्याडम," मला हळूच म्हणाले, "बगितली का ओ हिनं लढाई?"

मी काकूंकडं पाहिलं, पुढं मांडलेल्या त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"बघितली की," मी म्हटलं. "सगळी."

त्यांनी मान हलवली. माझं खोटं त्यांना कळलं असणार. पुढच्याच महिन्यात मी ते शहर सोडलं, त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं मिस्त्री येतात ते तसेच: सगळं सैन्य जेवायला गेलंय, आणि ऊन जरा सरकलं की ढाल घेऊन तेही एक पाऊल सरकतायत.